चालतंय की!

बरेच दिवस ब्लॉगवर धूळ साचली होती. आज झटकतोय, आणि जरा चिडूनच झटकतोय. नातेवाईक मंडळींनी आधी चहा घ्यावा, मग वाचावं. :)

झालं असं. टेक्सासमधला आमचा भाचा लग्नासाठी ओतूरला आला होता. त्याला नेमबाजीचा नाद. रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरणं हा तिकडे रीतसर छंद आहे. (आपल्याकडे नाही हं! १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायलाही परवाना लागतो. कुणी हुरळून जाऊ नका.) मांडवात गप्पा मारताना तो सहज म्हणाला, "मामा, २०२१ मध्ये मी आठ महिने एक गोळी झाडली नाही. माझ्या .३५७ मॅग्नमला जे प्रायमर लागतात ते बाजारातच नव्हते."

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाला बसवलेली टोपी. तिच्यावर ठोका बसला की ती पेटते आणि आतली दारू पेटवते. करोनाच्या त्या दिवसांत अमेरिकेत या टोप्यांचा दुष्काळ पडला होता.

"मग दुसऱ्या टाकायच्या की!" एक काका म्हणाले. "मापाच्या मिळत होत्या ना?"

"मापाच्या मिळत होत्या, काका. पण..."

"मग चालतंय की!"

मांडवात हशा पिकला. पोरगं अमेरिकेत राहून भित्रं झालं, असं ठरलं. आणि खरं सांगतो, मीही हसलो.

रात्री ओट्यावर त्याला नीट विचारलं. तो म्हणाला, साधी टोपी आणि मॅग्नम टोपी दिसायला सारख्या, भोकात बसतातही सारख्या. पण मॅग्नमची आग जास्त. मॅग्नम काडतुसातल्या काही दारू पेटायला जड असतात, त्यांना ती आग लागतेच. साधी टोपी टाकली तर दारू अर्धवट पेटू शकते आणि गोळी नळीतच अडकू शकते. बार फुसका गेला म्हणून माणूस पुन्हा चाप ओढतो, आणि मग नळी फाटते. उलट, साध्या टोपीवर बसवलेल्या मापाला मॅग्नम टोपी लावली तर दाब वाढतो. रायफलची छोटी टोपीही व्यासाला तीच, पण तिचा पत्रा जाड. रिव्हॉल्व्हरच्या हलक्या ठोक्याने ती पेटेलच असं नाही.

"म्हणजे बदलायचीच नाही?"

"बदलता येते, मामा. पण मग दारूचं माप पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून पुन्हा चढवत यायचं. काही दारूंचं माप कमी करणंही धोक्याचं, तिथे पुस्तकात लिहिलीय तीच टोपी. एक भाग बदलला की जुना हिशेब रद्द."

जुना हिशेब रद्द... या तीन शब्दांनी माझी झोप उडवली. का, ते सांगतो.

आमची शेती मंचरच्या पुढे, आत. वीज रात्रीची, बिबट्या उसात, आणि मोटर चालू करायला जायचं आपण. त्यात डीपीवरची फ्यूज सारखी उडायची. मग आपण काय करतो? किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी ॲल्युमिनियमची जाड तार पिळून घालतो. बसते व्यवस्थित. मोटर चालते. पुन्हा रात्री बाहेर पडायला नको. आंबेगाव-जुन्नरमधल्या कुठल्याही शिवारात जा, अशी एखादी डीपी दाखवीन.

२०१४ च्या वळवात आमच्या बांधावरच्या दोन तारा वाऱ्याने एकमेकींवर आपटल्या. ठिणग्या उडाल्या. योग्य फ्यूज असती तर त्याच क्षणी उडाली असती. ती उडाली नाही. एक तार तुटून बांधावर पडली, तशीच जिवंत. आमचा बैल जागेवर गेला. त्याच्या मागे दहा पावलांवर वाटेकऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा होता.

ती जाड तार मी घातली होती. दोन वर्षं व्यवस्थित "चालली" होती. घरात हे आज पहिल्यांदा सांगतोय.

म्हणून माझं भांडण या "चालतंय की"शी आहे. कुणी म्हणेल, अहो, जुगाडावरच तर आपली शेती उभी आहे! मान्य. कोळप्याचा दांडा मोडला, बाभळीचा घाला. पाइप फुटला, ट्यूब गुंडाळा. चुकलं तर लगेच दिसतं, पाणी गळतं, दांडा निसटतो. पण काही वस्तू वेगळ्या असतात. फ्यूज शंभर दिवस नुसती बसून असते, तिचं काम एकाच क्षणाचं. तिथे "दोन वर्षं चाललं" हा पुरावाच नव्हे. तो क्षण आला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. काडतुसाच्या टोपीत तर दर ठोक्याला तोच क्षण. आणि आपण मात्र भोकात बसली, म्हणजे जमली, असं धरून चालतो!

आणखी एक. बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं. तार मी घातली, बैल मेला, आणि पोर वाचलं ते माझ्या हुशारीने नव्हे. रेंजवर नळी फाटली तर तुकडे शेजारी उभ्या असलेल्यालाही लागतात.

रात्रीची वीज ही अडचण खरी आहे. दिवसा वीज मागा, त्यासाठी मोर्चा काढा, मी पुढे असेन. पण तोवर डीपीत जाड तार नको. आणि ज्या पोराने आठ महिने आपली हौस खुंटीला टांगली त्याला भित्रा म्हणू नका. त्या मांडवात मोजूनमापून वागलेला तो एकटाच होता.

ताई, तू हे वाचशीलच. त्याला सांग, मामा चुकला. आणि काका, रागावू नका. तुमच्या विहिरीवरचा किटकॅट मात्र या रविवारी वायरमनला बोलावून उघडून बघायचाय. मी येतोय. चहा टाका.

असो. तूर्तास एवढंच.