त्यांच्यावरही राज्य येऊ द्या

लंगडी आणि आंधळी कोशिंबीर हे आम्हां मराठी माणसांचे दोन लाडके खेळ. दोन धडधाकट पाय असलेले पोर एक पाय मुडपून घेते आणि दुसऱ्यावर उड्या मारीत इतरांना बाद करू पाहते. दोन चांगले डोळे असलेली पोर डोळ्यांवर रुमाल बांधून घेते आणि हात पसरून माणसे चाचपीत फिरते. पिढ्यान् पिढ्या आम्ही हे खेळत आलो आहोत. अधूपणाचे सोंग घेण्यात केवढी मौज आहे, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक? परंतु ज्याचा पाय खरोखरीच अधू आहे त्याला आमच्या लंगडीत कोणी घेत नाही, आणि जिला खरोखरीच दिसत नाही तिला आंधळ्या कोशिंबिरीला कोणी बोलावत नाही. सोंग चालते, खरे माणूस चालत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ आहे असे ज्याला वाटेल त्याने कोणत्याही शाळेत खेळाच्या तासाला जाऊन उभे राहावे. मी वीस वर्षे मास्तरकी करतो आहे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, पण पोट भरते ते खडूवर. घंटा होते, मुले आरोळ्या ठोकीत मैदानाकडे धावतात, आणि प्रत्येक शाळेत एखादे मूल मागे राहते. त्याला आम्ही कामे देतो. इतरांच्या चपला राखायच्या, घड्याळे नि पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. फार मेहेरबानी झाली तर गुण लिहायची वही त्याच्या मांडीवर ठेवायची. वर आम्ही त्याची पाठ थोपटतो, "किती शहाणा मुलगा! कधी हट्ट करीत नाही." ज्या वयात हट्ट करायचा त्या वयात हट्ट सोडून दिलेल्या पोराचे आम्हांला कौतुक वाटते. याहून निर्दय कौतुक माझ्या पाहण्यात नाही.

कारण विचारले की प्रत्येक मुख्याध्यापकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "अहो, पडला तर?" पडला तर काय, गुडघा फुटेल. मैदानावरच्या प्रत्येक पोराचा गुडघा फुटतो. त्यावर हळद दाबतात आणि पोर पुन्हा पळत सुटते. आमच्या लहानपणाच्या साऱ्या आठवणी फुटलेल्या गुडघ्यांच्या आहेत. धडधाकट मुलाला पडण्याचा जो हक्क आम्ही न मागता देऊन टाकतो, तो या मुलापासून आम्ही काळजीच्या नावाखाली काढून घेतो. ती काळजी त्याच्या हाडांची कमी आणि आपल्या नोकरीची जास्त असते, हे आम्ही मास्तर मंडळी आपापसांत तरी मान्य करू.

कायदा म्हणाल तर कायद्यात काही उणे नाही. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा काढून पाहा. त्याचे १६ वे कलम सरकारी व मान्यताप्राप्त शाळांना सांगते की, अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीने शिक्षण द्या, आणि खेळाची नि करमणुकीची संधीही द्या. ३० वे कलम क्रीडासंस्थांना सांगते की, खेळण्याचा यांचा हक्क मान्य करा व त्यांच्यासाठी तरतूद करा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर अपंग माणसे मोजली गेली. एवढ्या माणसांचा हक्क छापून तयार आहे. मध्यंतरी सरकारने 'अपंग' हा शब्द टाकून 'दिव्यांग' हा शब्द घेतला. फलक नवे झाले, अर्जांचे मथळे नवे झाले, ३ डिसेंबरच्या समारंभातली भाषणे नवी झाली. त्या दिवशी शामियान्यात संगीत खुर्ची होते, लिंबू-चमचा होतो, पाहुणे प्रशस्तिपत्रके वाटतात. चार डिसेंबरला मैदानाच्या फाटकातली पायरी होती तिथेच असते. ज्याच्या अंगाला आपण दिव्य म्हणतो त्याला त्या पायरीवरून आत घेणे मात्र आपल्याला जमत नाही!

आता विद्वानांचा आक्षेप घेऊ. ते म्हणतात, "खेळाला नियम असतात. अशा माणसांसाठी ते वाकवले तर तो खेळ उरेल का?" हा प्रश्न ज्या देशात गल्लीगल्लीत क्रिकेट चालते त्या देशात विचारला जातो, याची मला गंमत वाटते. भिंतीपलीकडे चेंडू गेला तर बाद, एक टप्प्यावर एका हाताने झेलला तर बाद, जोश्यांच्या खिडकीला लागला तर बाद होऊन शिवाय पळून जायचे, हे नियम कोणत्या ग्रंथात आहेत? जागा जशी असेल तसे आम्ही नियम वाकवले आणि त्या खेळाला क्रिकेटच म्हणालो. खुद्द क्रिकेटच्या मूळ कायद्यांत जखमी फलंदाजासाठी दुसऱ्याने धावण्याची सोय आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांतून रनर गेला तो २०११ साली. तोवर मोठमोठ्यांनी ती सोय वापरली आणि त्यांच्या धावा कोणी खोट्या मानल्या नाहीत. भिंतीसाठी आणि खिडकीसाठी वाकणारा नियम माणसासाठी वाकला तर तेवढे मात्र खेळाचे वाटोळे होते.

जिथे तो वाकवला तिथे काय झाले ते पाहा. चाकाच्या खुर्चीवरच्या टेनिसमध्ये चेंडूला एकाऐवजी दोन टप्पे माफ आहेत. बाकी मैदान तेच, जाळी तीच, गुण तेच. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू प्लास्टिकचा असतो, आत छर्रे असतात, तो खुळखुळत येतो. गोलंदाज आधी विचारतो, फलंदाज तयार आहे ना. मग हात खालून फिरवून सरपटता चेंडू टाकतो, आणि टाकताना 'प्ले' म्हणून ओरडतो. संघात निदान चार जण पूर्ण अंध लागतात आणि त्यांनी काढलेल्या धावा दुप्पट धरल्या जातात. ही काही दयेची खिरापत नाही. अवघड काम करणाऱ्याला त्याचे मोल देण्याचा तो साधा हिशेब आहे. या खेळाचा विसावीस षटकांचा पहिला विश्वचषक २०१२ साली बेंगळूरला झाला. अंतिम सामन्यात आपल्या संघाने पाकिस्तानला हरवले. डोळसांनी हे केले असते तर गावोगाव फटाके उडाले असते. अंधांच्या बुद्धिबळाचा पटही हातात घेऊन पाहा. काळी घरे किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, सोंगट्यांना खाली खुंटी, आणि काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर टोक. बोटे पटावरून फिरतात आणि खेळी तोंडाने सांगितली जाते. यात वजीर काही दुबळा झालेला नाही.

दुसरा आक्षेप दयाळू माणसांचा असतो. ते म्हणतात, "खेळ हवा, पण उपचार म्हणून. स्नायूंना व्यायाम होईल, मन रमेल." या मंडळींनी ही चळवळ सुरू झाली कशी तेवढे वाचावे. हिटलरच्या जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले लुडविग गुटमन नावाचे एक ज्यू डॉक्टर १९४४ साली स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात पाठीचे कणे मोडलेल्या सैनिकांवर उपचार करू लागले. त्या काळी असा माणूस आला की तो जगायचा नाही, हेच सगळे धरून चालत. पाठीला क्षते पडायची, मूत्रमार्गात विष भिनायचे आणि तो जायचा. गुटमन यांनी क्षते आवरली आणि खेळ हे औषध म्हणून दिले. पण औषध घेणाऱ्यांनी त्याचे काय केले? खुर्च्यांवर बसल्या बसल्या काठ्यांनी पोलो खेळायला सुरुवात केली, आणि ती इतक्या धसमुसळेपणाने की तो पोलो बंद करून त्यांच्या हाती बास्केटबॉल द्यावा लागला! माणसाला आपण डोस पाजतो, आणि तो त्याचा डाव मांडतो. २९ जुलै १९४८ रोजी लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले, त्याच दिवशी या रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांनी धनुर्विद्येचा सामना खेळला. १९६० साली रोमला तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू जमले. पॅरालिंपिक म्हणतात ते हेच. औषधाच्या बाटलीत मावणारी ही गोष्ट नव्हे.

तिसऱ्या जातीची माणसे सर्वांत अवघड, कारण ती टाळ्या वाजवतात. त्यांना अपंग खेळाडू आवडतो. पण तो पदक घेऊन आला तरच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जाहीर झाला २०२५ च्या जानेवारीत, तोही त्यांच्यावर चित्रपट निघून गेल्यावर. पदक आणले तर ही गत. न आणणाऱ्याची काय कथा? त्याच सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. भारताला त्या वेळी २९ पदके मिळाली. अभिमान मलाही वाटला. परंतु पदके मोजणाऱ्या मंडळींना मी विचारतो : धडधाकट पोराला विटी-दांडू खेळायला सोडताना तुम्ही त्याच्याकडून कोणते पदक लिहून घेता? लाखो मुले खेळतात, हरतात, घामाघूम होऊन घरी येतात आणि मोठेपणी कारकून होतात. सामान्यपणे खेळण्याचा आणि सामान्यपणे हरण्याचा हा अधिकार अपंग मुलाला का नसावा? खेळायचे असेल तर त्याने असामान्यच असले पाहिजे, ही अट कोणी घातली?

अपंगांचे गट कळसूबाई चढून जातात. १६४६ मीटरचे ते शिखर. चढणाऱ्यांना माझा नमस्कार. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र लिहिते की यापासून धडधाकटांनी स्फूर्ती घ्यावी. म्हणजे चढला तो, धापा टाकल्या त्याने, आणि उपयोग आमचा! त्याला वरचा वारा खायचा असेल, सह्याद्रीच्या रांगा न्याहाळायच्या असतील, सोबत्यांबरोबर डबा उघडायचा असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. डोंगरावर तुम्ही-आम्ही ज्या कारणांसाठी जातो त्याच कारणांसाठी तोही जातो.

आणि ज्याला शिखर नको, नुसती संध्याकाळी बाग हवी, त्याचे काय? मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून बागेच्या तोंडाशी लोखंडी नळ्यांचा नागमोडी अडसर बसवलेला असतो. मोटारसायकलवाले तो कसाबसा चुकवतात. चाकाची खुर्ची मात्र हमखास अडते. २०२२ च्या नोव्हेंबरात चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वाळूतून पाण्याच्या दिशेने अडीचशे मीटरांहून लांब लाकडी वाट केली. आयुष्यात कधी समुद्राजवळ न गेलेली माणसे खुर्च्यांवरून लाटांपर्यंत गेली. पंधरवड्याच्या आत मांडूस वादळाने त्या वाटेचा काही भाग मोडला, तो पुन्हा दुरुस्त झाला. वादळाने मोडलेले बांधता येते. आमच्या कोकणात किनारे किती, ते मोजा. आणि खुर्चीवरून पाण्यात पाय बुडवता येईल असे किती, तेही मोजा. पैसा नाही, हे उत्तर मला सांगू नका. बागेतले कारंजे आणि त्यावरचे रंगीत दिवे कोणत्या पैशातून आले ते मला ठाऊक आहे.

शेवटी आम्हां मास्तरांना जे कळत नाही ते पोरांना कसे कळते, ते सांगतो. माझ्या वर्गात एक पायाने अधू मुलगा होता. एक दिवस पोरांनी माझ्या परवानगीची वाट न पाहता त्याला फलंदाजीला उभे केले. पळायला दुसरा नेमला आणि वर आपला नियम काढला की याला दुहेरी धाव नाही. त्याने चार-सहा फटके मारले, मग त्रिफळा उडाला, आणि स्वारी जागची हलेना. म्हणे चेंडू टाकला तेव्हा मी तयार नव्हतो. झाले, साऱ्या मैदानाने एका सुरात गलका केला, "रडीचा डाव खडी!" जवळच उभ्या असलेल्या बाई कळवळून मला म्हणाल्या, "सर, त्यांना गप्प करा ना, त्याला वाईट वाटेल." मी जागेवरून उठलो नाही. इतके दिवस ज्याच्याशी सगळे गोडच बोलत होते, त्याच्याशी पोरे प्रथमच भांडत होती. तो लालबुंद होऊन भांडला, बॅट आपटली, आणि बाद होऊन गेला. दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधीच तो मैदानावर हजर होता.

आमच्या खेळांत लिंबूटिंबू नावाची एक सोय असते. फार लहान भावंड मागे लागले की त्याला घ्यायचे. ते धावते, ओरडते, पण त्याला बाद करीत नाहीत आणि त्याच्यावर राज्य देत नाहीत. दोन-चार वर्षांत ते मूल मोठे होते आणि पक्का भिडू बनते. अपंग माणसाला मात्र आपण जन्मभर लिंबूटिंबू ठेवतो. शामियान्यात, समारंभात, भाषणात त्याला घेतो, पण डावात धरीत नाही.

मागणे मोठे नाही. खेळाच्या तासाला एकही मूल चपलांपाशी बसलेले दिसणार नाही, एवढे प्रत्येक मुख्याध्यापकाने पाहावे. तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने पटसंख्येबरोबर तेही वहीत लिहावे. मैदानाची पायरी फोडून तिथे उतार करावा. एक गवंडी नि सिमेंटची दोन पोती पुरतात. नियम पोरांवर सोपवावेत; ती आपल्याहून शहाणी आहेत. त्याला खेळू द्या, पडू द्या, रडीचा डाव खेळला तर त्याच्याशी भांडा. आणि तो बाद झाला की कौतुक न करता, दया न दाखवता, इतरांवर देता तसेच त्याच्यावर राज्य द्या.