जन्मस्थळाची अट

शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर या तिघांनी मे 1999 मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षांना जे पत्र लिहिले, त्याचा राजकीय निकाल लवकर लागला. तिघांची पक्षातून हकालपट्टी झाली, राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हा पक्ष महाराष्ट्रात विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात काँग्रेसच्या मांडीला मांडी लावून बसला. 2004 साली पवार केंद्रात कृषिमंत्री झाले, तेही सोनिया गांधी अध्यक्ष असलेल्या आघाडीच्याच सरकारात. या विसंगतीवर महाराष्ट्रात पुष्कळ हसून झाले आहे. परंतु म्हणणारा बदलला म्हणून म्हणणे खोटे ठरत नाही. भारताबाहेर जन्मलेल्या नागरिकास देशाचे सर्वोच्च पद मिळू नये, हे मत तत्त्व म्हणूनच तपासले पाहिजे. आणि तसे तपासले असता ते टिकत नाही, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

राज्यघटनेच्या 58 व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतिपदासाठी भारताचे नागरिकत्व, पस्तीस वर्षे वय आणि लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता एवढेच मागितले आहे. पंतप्रधानासाठी तर संसद-सदस्याहून वेगळी पात्रताच सांगितलेली नाही. राष्ट्राध्यक्ष जन्मतः नागरिक असला पाहिजे, ही अमेरिकेच्या घटनेतील अट आमच्या घटनाकारांना अपरिचित होती, असे कोण म्हणेल? नागरिकत्व एकच असावे आणि त्यात वरचा-खालचा वर्ग नसावा, ही त्यांची भूमिका त्या अटीशी जुळणारी नव्हती. शिवाय खुद्द अमेरिकेच्या घटनेलाही, ती स्वीकारतेवेळी जे नागरिक होते त्यांच्यापुरता अपवाद करावाच लागला.

तसे अपवाद येथे किती करावे लागतील? ही अट कायद्याच्या भाषेत मांडू पाहणाऱ्याने प्रथम 'भारत' कोठला, हे ठरवावे. आजचा भारत धरला, तर झेलम जिल्ह्यात जन्मलेले इंद्रकुमार गुजराल, गाह या गावी जन्मलेले डॉ. मनमोहन सिंग आणि कराचीत जन्मलेले लालकृष्ण अडवाणी हे तिघेही बाहेर राहतात. म्हणून 1935 च्या कायद्यातला भारत धरावा, तर लाहोर आत येते आणि म्हापसा बाहेर जाते! कारण 19 डिसेंबर 1961 पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तेथील लोक भारताचे नागरिक झाले ते 1962 च्या नागरिकत्व-आदेशाने. मनोहर पर्रीकर 1955 साली म्हापशात जन्मले. पुढे ते देशाचे संरक्षणमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या जन्मस्थळावर त्या वेळी कोणाचा ध्वज होता, हे कोणी विचारले नाही. विचारायला नकोच होते. मग गोव्यासाठी एक अपवाद, पुदुच्चेरीसाठी दुसरा, 1975 पूर्वीच्या सिक्कीमसाठी तिसरा. सारे अपवाद लिहून झाले की त्या कलमाच्या कक्षेत व्यवहारतः इटलीतील लुझियाना गावी जन्मलेली एक व्यक्तीच उरते. एका व्यक्तीला अडविण्यासाठी लिहिलेल्या कलमास तत्त्व म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे.

आक्षेप घेणारे सारेच क्षुद्र बुद्धीचे आहेत, असे मात्र नव्हे. ज्याचे बालपण या मातीत गेले नाही, त्याला येथली दुःखे आतून कळतील काय, ही शंका प्रामाणिक असू शकते. मराठीच्या अभ्यासकाला यावर फार दूर जावे लागत नाही. इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. त्यांच्या धर्मप्रसारक हेतूविषयी कोणाचे काहीही मत असो, भाषा त्यांना परकी राहिली नव्हती. राजकारणातही लंडनमध्ये जन्मलेल्या अ‍ॅनी बेझंट 1917 मध्ये आणि केंब्रिजमध्ये जन्मलेल्या नेली सेनगुप्ता 1933 मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्याच की! आणि बालपण या मातीत जाऊनही ज्यांना येथले काहीच कळले नाही, अशांची नावे वाचकांनी स्वतःच आठवावीत.

2004 च्या मे महिन्यात सोनिया गांधी पंतप्रधान होणार अशी चिन्हे दिसताच सुषमा स्वराज यांनी जाहीर केले की, तसे झाल्यास आपण केशवपन करू, पांढरे वस्त्र नेसू, जमिनीवर निजू आणि चणे खाऊन राहू. निषेधाची ही सारी सामग्री कोठून आली, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ती परंपरेने विधवेवर लादलेली सामग्री होती, आणि जिच्याविरुद्ध ती उगारली गेली तीही विधवाच होती. ज्या महाराष्ट्रात केशवपनाविरुद्ध आगरकरांनी लेखणी झिजविली, त्या महाराष्ट्राला तरी हे खटकायला हवे होते. लग्न होताच मुलीने माहेर मनातून पुसून टाकावे, असा दंडक घालणारा आपला समाज याच एका सुनेच्या बाबतीत माहेराचा पत्ता विसरू शकला नाही. त्या वेळी पद सोनिया गांधींनी स्वतः नाकारले. परंतु तो त्यांचा निर्णय होता, घटनेचा नव्हे.

मे 1999 च्या पत्रावर एक सही संगमांची, म्हणजे मेघालयातील गारो टेकड्यांच्या भूमिपुत्राची, असावी, याचे मला दिल्लीत राहून अधिकच नवल वाटते. येथे मुनिरक्याच्या अरुंद गल्ल्यांतून मणिपूर, नागालँड, मिझोराम येथले शेकडो तरुण-तरुणी भाड्याच्या खोल्यांत राहतात. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. चेहरा पाहून 'तुम्ही कोणत्या देशाचे?' असे विचारले जाणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. त्यांचा जन्म भारतातच झाला आहे, जन्माचा दाखलाही आहे; पण विचारणाऱ्याला दाखला नको असतो. नागरिकांमध्ये अस्सल आणि कमअस्सल अशी निवड एकदा मान्य झाली की ती लुझियानापाशी थांबत नाही, हे संगमांहून अधिक कोणाला कळायला हवे होते?

निष्ठेची कसोटी हवीच असेल, तर ती आचरणाची असावी. सर्वोच्च पदासाठी नागरिक म्हणून पंधरा वा वीस वर्षांचे वास्तव्य आवश्यक करावे, अन्य देशाचे नागरिकत्व पूर्णतः सोडल्याचा पुरावा मागावा, या सूचनांवर संसदेत वाद होऊ शकतो. कारण त्या अटी माणसाला स्वतःच्या कृतीने पुऱ्या करता येतात. अशी काही अट घालणे मलाही गैर वाटणार नाही. त्यापुढचा निवाडा मतदारांचा आहे, आणि 1999 साली अमेठी व बेल्लारी या दोन्ही ठिकाणच्या मतदारांनी तो कोणाचीही परवानगी न विचारता केला होता.