विश्लेषण : टाकळी हाजीचे रांजणखळगे उल्केमुळे पडले का?

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडच्या काठावरचे निघोज (ता. पारनेर) यांच्यामधून वाहणाऱ्या कुकडीच्या पात्रात काळ्या खडकावर खोल खड्डेच खड्डे आहेत. फोटोत हा भाग थेट चंद्रासारखा दिसतो. मग 'इथे उल्का पडली होती का?' हा प्रश्न येतोच. उत्तर आहे, नाही. खड्ड्यांचा आकारच ते सांगतो.

उल्केचा खड्डा कसा असतो?

मोठी उल्का सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने आदळते. ती जमीन उकरत नाही, आदळताच स्फोट होतो आणि धक्का सगळीकडे पसरतो. म्हणून उल्का तिरकी आली तरी खड्डा बहुधा गोलच पडतो. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, बशीसारखे पसरट आणि कडेने उचललेले आहे.

अपवादही आहेत. उल्का जमिनीला जवळपास घासत आली, तर खड्डा लांबट होतो. चंद्रावरचे मेसियर विवर तसे आहे. अमेरिकेत ॲरिझोनातील विवर काहीसे चौकोनी आहे, कारण तिथल्या खडकात आधीपासूनच भेगा होत्या.

मग कुकडीत काय घडले?

इथला खडक लोणारसारखाच बेसाल्ट, पण कारागीर वेगळा. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे खडकाच्या खळग्यात गरगर फिरतात आणि जात्यासारखे खडक झिजवतात. हजारो वर्षे हे चालले की तोंड अरुंद, पोट मोठे असा रांजण तयार होतो. स्फोटाने असा आकार होऊच शकत नाही. शेजारचे दोन रांजण झिजून एकमेकांत मिसळले की वेडेवाकडे आकार दिसतात.

अर्थात, आकार दरवेळी पुरेसा नसतो. लोणार कित्येक वर्षे ज्वालामुखीचे मुख मानले जात होते. प्रचंड धक्क्यानेच बनणारी काच तिथल्या खडकात सापडली आणि १९७०च्या दशकात वाद मिटत गेला.

कुकडीवर आता माणिकडोह, येडगाव ही धरणे आहेत. पुराचा जोर कमी झाला की रांजण कोरण्याचे कामही मंदावते. पण पावसाळ्यात पाणी वाढले की रांजणांची तोंडे दिसत नाहीत. सेल्फीसाठी पात्रात उतरणाऱ्यांना धोका इथेच आहे : आतल्या भिंती गुळगुळीत, वर येताना धरायला काहीच नाही.