स्टँडवरचे चार तास कुणाचे?

मैत्रिणींनो, या वेळी एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर लिहायचं आहे. एका गाडीतून उतरल्यावर पुढची गाडी लागेपर्यंत मधे जे तीन-चार तास मिळतात, त्यांत बाईने शहर पाहायचं की नाही? पुरुषापुढे हा प्रश्न येतच नाही. तो बॅग बायकोच्या पायाशी ठेवतो, ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणतो आणि जातो. ती बाकड्यावर बसून राहते. शहर त्याने बघायचं आणि सामान तिने.

आमच्या वाळवा तालुक्यातल्या बायका पुण्याला कमी जात नाहीत. दवाखाना, कोर्ट, मुलीची परीक्षा, लग्नकार्य, आपली शिबिरं. इस्लामपूरहून पेठ नाक्याला येऊन हमरस्ता धरला की चार-पाच तासांत स्वारगेट. पुढे जायचं तर तिथे गाडी बदलायची. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, हे चांगलंच झालं. पण बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, ‘पुण्यात काय काय पाहिलंत?’ तर वीस-वीस वर्षं ये-जा करणाऱ्या बायकांचं उत्तर एकच: ‘स्वारगेट!’ सगळ्या हसल्या. मला मात्र ते उत्तर टोचत राहिलं. अर्ध्या तिकिटाने प्रवास दिला, शहर दिलं नाही.

मागे एका शिबिराला जाताना आम्ही नऊजणी होतो आणि हाताशी साडेतीन तास होते. मी म्हटलं, चला मंडईपर्यंत. पाचजणी आल्या, तिघी ‘आम्ही सामान बघतो’ म्हणून बसल्या. मंडईत एकीला घरून फोन आला, कुठे आहेस म्हणून. ती पटकन म्हणाली, ‘स्टँडवरच बसलोय की.’ पन्नाशीची बाई, दोन सुनांची सासू, गावात दारूच्या दुकानावर मोर्चा नेलेली. आणि भाजीच्या गाळ्यांसमोर उभं राहिल्याबद्दल तिला खोटं बोलावं लागलं! काम असेल तर बाईने कुठेही जावं, पण कामाशिवाय कुठे उभंही राहू नये, हा नियम आपल्या किती आत मुरला आहे ते यावरून कळतं.

लोक म्हणतात, अनोळखी शहर आहे, बाईने स्टँडवरच थांबावं, ते सुरक्षित. या म्हणण्याचं काय झालं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणला घरी निघालेली तरुणी पहाटे स्वारगेट स्टँडवर गाडीची वाट पाहत होती. तुमची गाडी दुसरीकडे लागली आहे असं सांगून तिला आवारातच उभ्या असलेल्या शिवशाहीत नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला, अशी तिची तक्रार आहे. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. ही मुलगी भटकायला गेली नव्हती. आईबापांनी, शेजाऱ्यांनी, सरकारने सांगितलेलं सगळं ती पाळत होती. मग तिथले सुरक्षारक्षक बदलण्याचे आदेश निघाले आणि तिने ओरडा का केला नाही असं विचारणारेही निघाले. बाकड्यावर गप्प बसल्याने सुरक्षा मिळत नाही, हे यातून शिकायला हवं होतं. आपण शिकलो उलटंच: आता मुलींना एकटं पाठवायचंच नाही.

आणि त्या स्टँडभोवती आहे काय? चालत जावं एवढ्या अंतरावर सारसबाग. गंज पेठेत जोतिराव-सावित्रीबाईंचा वाडा. अस्पृश्यांसाठी १८६८ मध्ये खुला केलेला हौद इथलाच. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून भुयारी मेट्रो आहे, पुढचंच स्टेशन मंडई. तिथून थोडं चाललं की बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये मुलींची शाळा भरली ती इथे. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. बाजीराव रस्त्याजवळ केळकर संग्रहालय आहे. तिथे दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी मांडलेली आहेत. बायकांच्या हातातल्या वस्तू लोक तिकीट काढून बघतात आणि त्या वस्तू रोज हाताळणाऱ्या बायका स्टँडवर बसून असतात.

सावित्रीबाई आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांच्यावर शेण-दगड शाळेत बसून शिकवताना पडले नाहीत, रस्त्याने चालताना पडले. बाईने पुण्याच्या रस्त्यावरून उजळ माथ्याने चालावं, हाच त्या लढ्याचा एक भाग होता. दर ३ जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. त्या ज्या रस्त्याने चालल्या तो रस्ता मात्र बघत नाही.

चळवळीतल्या काही मैत्रिणीही म्हणतात, हे हौसेचे प्रकार आहेत, आधी पाणी, रेशन, मारहाण यांचे प्रश्न. मला हा युक्तिवाद मान्य नाही. जी बाई विनाकारण, स्वतःच्या मर्जीने एक तास शहरात फिरू शकत नाही, तिला अर्ध्या रात्री मारत्या नवऱ्याचं घर सोडून बाहेर पडायचं बळ कुठून येणार? रस्ता ओळखीचा असावा लागतो. आणि रस्त्यावर बायका जितक्या जास्त, तितका तो प्रत्येकीला कमी परका.

तेव्हा मागण्या मांडू या. प्रत्येक मोठ्या स्टँडवर सामान ठेवायला स्वस्त आणि खात्रीची खोली हवी. आपल्याला बाकड्याला बांधून ठेवणारी पहिली गोष्ट म्हणजे बोचकं. बायकांसाठी फुकट, स्वच्छ, रात्रीही उघडं संडास-मुतारी हवी; ती नाही म्हणून आपण प्रवासात पाणीच पीत नाही. आवारात उजेड हवा आणि उभ्या गाड्यांना कुलूप. जवळ काय पाहण्यासारखं आहे, कसं जायचं, याचा मराठी फलक हवा.

सरकार देईल तेव्हा देईल. आपल्या हातात आहे ते आजच करू. यापुढे शिबिराच्या, मोर्च्याच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘शहर पाहणे: दोन तास’ असं छापू या. सामान पाळीपाळीने सांभाळू या. आणि घरून फोन आला तर खरं सांगू या: ‘मी मंडईत आहे. फिरतेय.’