करून पाहा : झूम केलं की अंधार का?

बालमित्रांनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणी ना कुणी व्हिडिओ कॅमेरा घेऊन उभा असतोच. मंच छान उजळ दिसतो. मग तो झूम करून एकाच मुलीचा चेहरा जवळ आणतो, आणि चेहरा काळवंडतो! मंचावरचे दिवे तेवढेच. कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हातानं ठरवलेलं. मग उजेड गेला कुठे?

चला, शोधू या. कार्डशीटच्या दोन लांब नळ्या करा, एकीत दुसरी सरकेल अशा. बाहेरच्या नळीचं तोंड चॉकलेटच्या चंदेरी कागदानं बंद करा, त्याला सुईनं बारीक भोक पाडा. आतल्या नळीच्या पुढच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर चिकटवा. मागच्या तोंडाला डोळा लावा. आमच्या अंकुशनगरात साखर कारखान्याची चिमणी आहे. तुम्ही पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस बघा. सूर्याकडे मात्र मुळीच बघायचं नाही हं!

कागद भोकापासून १० सें.मी.वर असताना चिमणी उलटी, छोटी पण उजळ दिसते. तो २० सें.मी.वर न्या. चिमणी दुप्पट उंच, दुप्पट रुंद होते, पण फिकी पडते. भोकातून येणारा उजेड तेवढाच, जागा मात्र चौपट. एका भाकरीचे चार वाटे झाले ना!

झूममध्येही असंच होतं. पुष्कळ भिंगांवर ३.५-५.६ असे दोन आकडे असतात. पहिला झूम न करता, दुसरा पूर्ण झूमवर. आकडा मोठा, तितका उजेड कमी. ३.५ वरून ५.६ वर गेलं, की उजेडाच्या पाच वाट्यांतले जेमतेम दोन उरतात. ऑटोवर कॅमेरा ही तूट आपणच भरून काढतो, मॅन्युअलवर नाही. काही महागड्या भिंगांचा आकडा बदलत नाही, पण ती आकारानं मोठी आणि जड असतात.

पालकांनो, उपाय सोपा आहे. आधी पूर्ण झूम करा. तिथंच आकडा ५.६ वर ठेवून चेहरा नीट दिसेल असा उजेड ठरवा, मग मागे या. आता आकडा दोन्हीकडे ५.६ च राहील. हे पडदा उघडण्याआधीच करा. मुलीचा नाच चारच मिनिटांचा असतो, तो पुन्हा होत नाही.

आता तुमच्यासाठी गणित : कागद ३० सें.मी.वर नेला, तर तोच उजेड किती पट जागेवर पसरेल? आधी वहीत मांडा, मग नळी सरकवून पाहा!