पंधराशे रुपये आणि बांधावरची ओरड

'बायका आता कामाला येत नाहीत, सरकारने त्यांना आळशी करून ठेवले!' २०२४ च्या ऑगस्टमध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे पहिले हप्ते खात्यात पडले आणि पुढे कापूस वेचणीच्या हंगामात बांधाबांधावरून ही ओरड सुरू झाली. ओरडणारे कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मजूर मिळत नाहीत ही तक्रार तर योजनेहून कितीतरी जुनी आहे.

महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०. एवढ्यावर कोणाचे घर चालते? बाई काम सोडत नाही. पडेल त्या हजेरीला निमूट जाणे तिने सोडले असेल, तर आम्हाला त्याचा आनंदच आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तरी निंदणीला वाकणाऱ्या बाईला गड्याहून कमीच मिळत आले. दोन दिवस घर चालवण्याची सोय असली, की दर विचारायची हिंमत येते.

मध्य प्रदेशात २०११-१२ च्या सुमारास 'सेवा' या महिला संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रयोग केला. प्रौढाला महिन्याला २०० रुपये, मुलाला १००. पुढे ३०० आणि १५०. अट कसलीही नाही. लोक आळशी झाले नाहीत. परक्याच्या शेतावरची मजुरी घटली, स्वतःच्या शेतातले आणि लहानसहान धंद्यातले काम वाढले. पण आमच्या भूमिहीन भगिनीला स्वतःचा तुकडाच नाही, ती कुठे वळणार? फार तर एखादी शेळी, नाहीतर तापात एक दिवसाची विश्रांती. तीही यांच्या डोळ्यांत खुपते! बाळंतपणाच्या विश्रांतीचा मोबदला कष्टकरी स्त्रीला मिळावा म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोलले होते.

आणि याच मंडळींना उचल मात्र चालते. ऊसतोडीला मुकादम जोडप्याला आगाऊ पैसे देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतो, खाडा झाला की दंड कापतो. त्या पैशाने बाई आळशी होते असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही.

सरकारचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. 'लाडकी बहीण' हे नावच आम्हाला खटकते. हक्काच्या पैशाला ओवाळणी का म्हणायचे? शिवाय ही ओवाळणी आली कुठून? २०२५ साली या योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटींहून अधिक रुपये वळवले गेले, आदिवासी विकास खात्याचेही गेले. त्यावर खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली होती. वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या चालवणारे हेच खाते. आईला द्यायचे आणि मुलीच्या ताटातून काढायचे, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. पंधराशे चालू ठेवा, ते सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून द्या, आणि वळवलेला पैसा त्या खात्याला परत करा.