बोट केवढी?

गोव्यात एखाद्या घरचा मुलगा बोटीवर लागला असे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला : बोट केवढी? व्यापारी बोटींवर आणि प्रवासी बोटींवर आमच्या तारवट्यांच्या कितीतरी पिढ्या गेल्या. त्यामुळे बोट जेवढी मोठी तेवढे नशीब मोठे, हा हिशेब आमच्या अंगात मुरलेला आहे. आता आपली मुले आणि मुलीही अग्निवीर होऊन नौदलात जातात, तेव्हा हाच हिशेब आपण तिथेही लावतो. 'विक्रांत'वर नेमणूक झाली तर पेढे, आणि एखाद्या गस्ती जहाजावर झाली तर "बघू, पुढे बदली होईल" असे सांत्वन. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. ज्याला यंत्राचे काम हातात घ्यायचे आहे, त्याची पहिली नेमणूक लहान जहाजावर झाली तर घरच्यांनी तोंड पाडायचे काही कारण नाही.

आधी जहाजे पाहू. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात दाखल झालेली 'विक्रांत' २६२ मीटर लांब, सुमारे ४५,००० टनांची. पोटात २,३०० च्या आसपास खोल्या आणि दीड हजारांहून अधिक माणसे. आमच्या बंदराचे नाव मिरवणारी विनाशिका 'मुरगाव' त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत दाखल झाली. ती १६३ मीटर लांब, ७,४०० टनांची आणि तिच्यावर सुमारे ३०० माणसे. तिसरे जहाज 'सुमित्रा'. हे आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डात बांधलेले गस्ती जहाज २०१४ साली नौदलात आले. लांबी १०५ मीटर, वजन दोन हजार टनांच्या थोडे वर, आणि माणसे शंभर-सव्वाशे.

आता या तिन्ही जहाजांना काय काय लागते ते मोजा. पुढे जायला इंजिन, विजेला जनरेटर, समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्र, वातानुकूलन, सुकाणू फिरवणारी यंत्रणा, आगीचे पंप, तळातले पाणी उपसणारे पंप, सांडपाण्याची सोय. हे सगळे 'विक्रांत'ला लागते तसेच 'सुमित्रा'लाही लागते. टन कमी झाले म्हणून यंत्रांचे प्रकार कमी होत नाहीत. कमी होतात ती माणसे. नव्या खलाशाचे काम कसे असणार, याचे निम्मे उत्तर या एका गोष्टीत आहे.

ओडिशातल्या 'चिल्का' तळावरचे पहिले प्रशिक्षण सगळ्यांना सारखेच. मग इंजिनाच्या शाखेतली मुले लोणावळ्याच्या 'शिवाजी' तळाकडे आणि विजेच्या शाखेतली जामनगरच्या 'वलसुरा'कडे जातात. वह्या सारख्या आणि परीक्षाही सारख्या. फरक पडतो तो जहाजाच्या शिडीवर पाय ठेवल्यावर.

मोठ्या जहाजावर प्रत्येक कामाला वेगळा गट असतो. वातानुकूलनवाले वेगळे, जनरेटरवाले वेगळे, विमाने वर-खाली नेणाऱ्या लिफ्टवाले वेगळे. नवा मुलगा यांपैकी एका गटात पडतो आणि महिनोन् महिने तेच पंप, तेच व्हॉल्व्ह, त्याच नोंदी. याचा फायदाही आहे. त्या एका यंत्राची नस त्याला सापडते. वर शिकवायला जाणते लोक असतात, जहाजावरच कारखाना असतो, एखादा पंप पूर्ण उघडून बसवण्याची संधी मिळते. पण शेजारच्या खोलीत काय चालते हे त्याला माहीत असेलच असे नाही. 'मुरगाव'सारख्या जहाजाला चार गॅस टर्बाइन ढकलतात. तिथे नवा खलाशी टर्बाइनला हात फारसा लावत नाही. पडद्यावर आकडे पाहतो, तेल-पाणी तपासतो. टर्बाइनमध्ये मोठा बिघाड झाला तर ते सबंध उचलून बदलण्याचीच पद्धत.

लहान जहाजावर डिझेल इंजिन, आणि त्याच्याशी गाठ रोजची. फिल्टर धुणे, कूलर साफ करणे, गळती शोधणे, आवाज बदलला की कान टवकारणे. इंजिनाची पाळी संपली की गोड्या पाण्याचे यंत्र रुसलेले असते, ते झाले की स्वयंपाकघरातली शेगडी. बंदरात शिरताना दोर ओढायला तोच, आग विझवण्याच्या सरावात नळी धरायलाही तोच. जानेवारी २०२४ मध्ये याच 'सुमित्रा'ने सुमारे ३६ तासांत दोन इराणी मासेमारी जहाजे चाचांच्या तावडीतून सोडवली. एकावर १७ इराणी, दुसऱ्यावर १९ पाकिस्तानी खलाशी होते. बातम्यांत कमांडो दिसले. पण एवढा वेळ जहाज धावत ठेवणारे हात खाली इंजिनाजवळ होते, आणि शंभर-सव्वाशे माणसांच्या जहाजावर त्या हातांची मोजदाद सहज करता येते.

लहान म्हणजे दुय्यम ही समजूत तर इतिहासानेच खोडली आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौका दोनशे टनांच्या आसपास होत्या. आंग्रे यांच्या आरमारातही वारा पडला की मोठ्या गुराबेला वल्ह्यांनी ओढून नेणारे लहान गलबतच असे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लहान जहाज पावसाळी समुद्रात हाल हाल करते. पोटात अन्न ठरत नाही, झोप पुरत नाही, आणि चूक झाली तर ती सावरायला शेजारी दुसरा माणूस नसतो. शिकवणारा एकच वरिष्ठ; तो चांगला असेल तर सोने, नसेल तर मुलगा त्याचे आडमार्गच शिकतो. मोठी दुरुस्ती किनाऱ्यावरच्या गोदीत होते, म्हणजे खोल काम पाहायला मिळतेच असे नाही. थोडक्यात, लहान जहाज रुंदी देते आणि मोठे जहाज खोली.

मग मी लहान जहाजाच्या बाजूने का? कारण मुदत. २०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हा ठरले ते असे, की सेवा चार वर्षांची आणि त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंतच लोक कायम व्हायचे. पूर्वीच्या खलाशाला पंधरा वर्षे मिळत. एका जहाजावर जे राहिले ते दुसऱ्यावर भरून निघे. चार वर्षांतून प्रशिक्षण आणि रजा वजा केल्या तर समुद्रावर उरते किती? तेवढ्यात जो एकाच खोलीतल्या एकाच पंपाजवळ उभा राहिला, तो बाहेर आल्यावर काय सांगणार? आमच्याकडे गोदी, बार्ज, ट्रॉलर, हॉटेलांतली यंत्रघरे, सगळीकडे चार यंत्रे सांभाळणारा माणूस हवा असतो.

सगळ्यांनाच लहान जहाज मिळणार नाही, हे उघड आहे. म्हणून मोठ्या जहाजावरच्या नव्या मुलाला दर काही महिन्यांनी वेगळ्या यंत्राकडे फिरवावे, आणि जमेल तिथे थोडे दिवस गस्ती जहाजावर पाठवावे, असे मला वाटते. यात वरिष्ठांना त्रास आहे. तयार झालेला हात सोडून कच्चा हात घ्यावा लागतो. पण चार वर्षे घेतली त्या मुलाला एवढे तरी देणे लागतोच.

आणि आपण घरच्यांनी काय करावे? मुलगा किंवा मुलगी चतुर्थीला रजेवर आली की "बोट केवढी?" हा प्रश्न बाजूला ठेवावा. या वर्षात कोणकोणती यंत्रे स्वतःच्या हाताने उघडली आणि पुन्हा चालू केली, ते विचारावे. उत्तर लांबलचक आले तर बोट कितीही लहान असो, पेढे वाटायला हरकत नाही.